परत करण्याचं कारण

माझ्या दुकानात एक वही आहे.
जुना गेम परत आणलात तर पैसे मिळतात,
पण आधी कारण लिहायचं.
नियम नवऱ्याने घालून दिलेला.
तो पोर्तो माँतला दुसरीकडे राहायला गेला,
नियम इथेच राहिला.

पुंता अरेनासचा वारा असा
की चौकात दोर बांधतात, माणसांनी धरून चालावं म्हणून.
जूनमध्ये साडेपाचला काळोख.
मग गिऱ्हाईक येतं, हातमोजे न काढता विचारतं,
"नकाशा केवढा आहे?"
जसा काही दाराबाहेर अख्खा पातागोनिया
रिकामा पडलेला नाही.

'मिठाचा मुलूख' आला त्या दिवशी
पहिली प्रत अन्सेल्मो मारिनोविचने नेली.
खेकड्यांच्या बोटीवरचा. नुकताच पगार झालेला.
पाचव्या दिवशी परत.
वहीत: घोडा जमिनीत बुडतो.
शत्रू भिंतीवर गोळ्या झाडत बसतात.
मी मेलो की माझं प्रेत नाचतं.
आणि खाली, पेन कागदातून आरपार: कचरा.
डबीवरही चिकटपट्टी लावून तेच लिहिलं,
पुढच्याला कळावं म्हणून.
मी निम्मेच पैसे हातावर ठेवले.

मग मिर्ता, शाळेच्या गणवेशात, दोन महिने.
तिचं कारण:
बंदूक झाडली की ओला स्पंज पिळल्यासारखी वाटते.
गावं छान, पण गावातलं प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलतं,
"आज वारा फार आहे."
तेवढं मात्र खरं वाटलं.

नंतर दोन वर्षं कुणी नाव काढलं नाही.
डिस्क खालच्या खणात,
शिळ्या फुटबॉल-गेमांच्या ढिगाखाली.
आणि तिकडे कुठल्याशा शहरात
काही माणसं रात्र रात्र जागून
घोड्याच्या पायांखाली जमीन घालत होती.
डिस्कला त्याचा पत्ता नाही.
तिच्यावर एक नवा ओरखडासुद्धा नाही.

दोन एवारिस्तो हवामान खात्यातून निवृत्त झालेले.
नातवासाठी काहीतरी स्वस्त हवं होतं.
नातू आठवड्यात सांतियागोला परतला,
गेम आजोबांकडे राहिला.
पुढे रस्त्यात भेटले, दोर धरून, ओरडून सांगत होते,
"मुख्य कामगिरी मी अजून घेतलेलीच नाही!
विहिरीपाशी एक बाई उभी आहे, मुलगा हरवलाय म्हणते.
मी आधी ढग बघतोय.
पश्चिमेकडून पिंजलेले येतात, आणि सहा तासांनी
बरोब्बर वारा सुटतो. कुणीतरी
आमच्यातला माणूस बसलाय तिथे!"
हिवाळ्यात तेही आले परत करायला.
थरथरत्या अक्षरात: डोळ्यांचं ऑपरेशन आहे.
पुन्हा नेईन. कुणाला देऊ नका.

आता मात्र जो तो 'मुलूख' डोक्यावर घेतोय.
ज्यांनी नाकं मुरडली तेच सांगतात,
असं जग पुन्हा कुणी करणार नाही.
मागच्या शनिवारी अन्सेल्मो आला,
कानामागे मीठ वाळलेलं, म्हणाला,
"आहे का? मी तर पहिल्यापासून सांगत होतो."

मी वही उघडून पुढे केली.
त्याने वाचलं. पुन्हा वाचलं.
बोटाने ते भोक चाचपलं.
"घोड्याचं खरं होतं," म्हणाला.
मग जरा थांबून,
"प्रेत अजून नाचतं का गं, नेलिदा?"
"नाही. दुरुस्त केलं ते."
"अरेरे," अन्सेल्मो म्हणाला,
आणि खरंच त्याचा चेहरा पडला.

डिस्क खणात नव्हती. घरी होती, माझ्या टीव्हीखाली.
रात्री दुकान बंद करून मी त्या विहिरीपाशी जाते.
बाई मुलाचं सांगते. मी ऐकून घेते,
हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही,
कठड्यावर बसून राहते.
ढगांतलं मला काही कळत नाही.

"विकायची नाही," मी म्हटलं.
"का?"
वही मिटली.
कारण लिहायचं ते परत करणाऱ्याने.